अँटिऑक्सिडंटची सुरुवात मंडईतून करा

दादा, चाळिशीत खाण्यापिण्याचं मनावर घेतलंत, बरं केलंत. पण अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांसाठी मेडिकलची पायरी लगेच चढू नका. अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकलना, म्हणजे शरीरात तयार होऊन पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना, आवर घालणारे पदार्थ.

फ्री रॅडिकलमुळे म्हातारपण येतं, हा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ डेनम हारमन यांनी १९५६ साली मांडला. पुढे लोकांना वाटलं, अँटिऑक्सिडंटची गोळी घेतली की काम झालं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ साली निकाल आला, तर गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट जास्त! तुम्ही सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा, आणि ही गोळी तर नकोच.

तूर्त एवढंच करा:

- रोज एक पालेभाजी, एक फळ. थंडीत आवळा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी महाग वाटली तर पेरू घ्या, क जीवनसत्त्व (तेही अँटिऑक्सिडंटच) त्यात जास्तच असतं.
- भाजी उकळून पाणी ओतून देऊ नका. क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर मोरीत जातं.

नवी माणसं दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक, बेदाणा. तासगावचा म्हणून वाटीभर खातात. साखर किती जाते ते बघत नाहीत. मूठभर पुरे. दुसरी, हळद. सांगलीकरांना हिचा अभिमान, म्हणून चमचाभर पाण्यात ढवळून पितात. तिच्यातलं कर्क्युमिन हे अँटिऑक्सिडंट अंगात फार कमी शोषलं जातं. फोडणीच्या तेलात, मिरीच्या जोडीनं जरा बरं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

कुठल्या फळात किती अँटिऑक्सिडंट, ते तक्ते सध्या राहू द्या.