इलेक्ट्रॉनचं 'संक्रमण' की 'स्थित्यंतर'?

प्रश्न असा आला आहे: बारावीतल्या मुलाला भौतिकशास्त्र मराठीतून समजावताना 'इलेक्ट्रॉनचे संक्रमण' (अणूत एका ऊर्जेच्या पातळीवरून दुसरीवर जाणं, इंग्रजीत transition) हे शब्द आले आणि त्याला रोगाची लागण आठवली. मग 'स्थित्यंतर' म्हटलेलं बरं नाही का?

मला 'संक्रमण'च हवा. लागण होण्यासाठी मराठीत 'संसर्ग' आणि 'लागण' हे दोन धडधाकट शब्द आहेत. त्या अर्थाचा 'संक्रमण' हिंदी बातम्यांतून आला आणि करोनाच्या काळात तोंडी बसला. (हिंदीशी अशी गल्लत इथे आणखी एका शब्दाची होते. आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणु, आणि त्यांचा अणु म्हणजे आपला रेणू. हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा.)

'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं. त्याच्या आधी 'सम्' लागला की ओलांडून पलीकडे जाणं. संक्रांत ही त्याच घरातली.

आता हायड्रोजनचा अणू घ्या. त्यातला इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या पातळ्यांवरच राहतो. त्याच्या पहिल्या पातळीची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), दुसरीची उणे ३.४, तिसरीची उणे १.५१. इलेक्ट्रॉन तिसरीवरून दुसरीवर आला की मधल्या फरकाइतकी, म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बाहेर पडतो. त्याची तरंगलांबी सुमारे ६५६ नॅनोमीटर, रंग लाल. हायड्रोजनचा प्रकाश रंगांत फोडला की दिसणारी ही लाल रेषा कुठल्याच एका पातळीच्या मालकीची नाही, ती दोन पातळ्यांमधल्या ओलांडण्याची आहे. म्हणून नाव ओलांडण्यालाच हवं. 'स्थित्यंतर'मध्ये सगळा भर बदललेल्या स्थितीवर जातो, आणि समाजातली, पिढ्यानपिढ्या चालणारी स्थित्यंतरं डोळ्यांसमोर येतात.

संक्रांतीशी असलेलं नातं मला फार आवडतं. वर्षात संक्रांती बारा, आणि प्रत्येकीला नाव सूर्य ज्या राशीत शिरतो तिचं. धनूतून निघाला तरी ती मकरसंक्रांत. हायड्रोजनच्या प्रकाशरेषांचंही तसंच आहे. इलेक्ट्रॉन तिसरीवरून येवो, चौथीवरून येवो की पाचवीवरून, दुसरीवर उतरला की ती रेषा बामर श्रेणीतली, आणि पहिलीवर उतरला की लायमन श्रेणीतली. योहान बामर यानं १८८५ साली यातल्या दिसणाऱ्या रेषा एका सूत्रात बसवल्या. त्या तशा का बसतात, हे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यानं १९१३ साली पातळ्यांची कल्पना मांडून सांगितलं.

एका ठिकाणी मात्र ही उपमा तुटते. सूर्य राशीची सीमा सरकत सरकत ओलांडतो. इलेक्ट्रॉनला उणे ३.४ आणि उणे १.५१ यांच्यामध्ये मुक्कामाला एकही जागा नाही. 'संक्रमणकाळ' या शब्दामुळे मुलांना मधली रेंगाळलेली अवस्था सुचू शकते. तेव्हा शिकवताना एकदा तरी सरळ 'उडी' म्हणा.

तुमच्या मुलाचा गोंधळ खरा होतो तो क्रियापदाशी. 'इलेक्ट्रॉन संक्रमित होतो' हे वाक्य कोणीही लागण म्हणूनच वाचेल. नाम 'संक्रमण' ठेवा, पण वाक्यात लिहा: 'इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येतो आणि फोटॉन बाहेर पडतो.'