आधी माणसं वेगळी कर

पोरी,

आवाजावरून कंपवात (पार्किन्सन) ओळखणारं तुझं मॉडेल कागदावर ९७ टक्के बरोबर, आणि घरी फोनवर आवाज रेकॉर्ड केलेल्या शेजारच्या तिन्ही आजोबांना ते कंपवात सांगतं! तू गोंधळलीस यात नवल नाही. पण चूक शोधायला तू मॉडेलच्या मागे लागलीस, रँडम फॉरेस्ट ही शिकवायची पद्धत काढून एक्सजीबूस्ट ही दुसरी लावलीस, ते वाचून मात्र जीव चिडला. दोष मॉडेलचा नाही, शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदींच्या वाटणीचा आहे.

तू वापरलेल्या, संशोधक मॅक्स लिटल यांच्या आवाजाच्या मापांच्या त्या ऑक्स्फर्डच्या फाईलमध्ये ओळी १९५ आहेत, पण माणसं फक्त ३१. त्यातले २३ रुग्ण, ८ निरोगी. प्रत्येकाचं 'आऽऽ' सहा-सात वेळा घेतलंय. पहिला कॉलम नावाचा. तो तू 'काही उपयोगाचा नाही' म्हणून उडवलास. सगळेच उडवतात. अगं, त्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कॉलम तोच! 'फॉन_आर०१_एस०१_१' हे अंडरस्कोरवर तोड. तिसरा तुकडा म्हणजे माणूस, चौथा म्हणजे त्याचं कितवं रेकॉर्डिंग. ओळी पिसून ८०-२० वाटल्या की एकाच माणसाचे पाच 'आऽऽ' ट्रेनमध्ये (शिकवायच्या भागात) जातात आणि सहावा टेस्टमध्ये (तपासायच्या भागात). मग मॉडेलला आजार कळायची गरजच उरत नाही, माणूस ओळखला की झालं. म्हणून आधी माणसं वेगळी कर.

ग्रुप के-फोल्ड वापर, त्यात एका माणसाच्या सगळ्या ओळी एकाच भागात राहतात. माणसं इतकी थोडी आहेत की एकेक माणूस बाजूला ठेवून ३१ फेऱ्या केल्यास तरी चालेल. स्केलिंग (मापं एका पातळीवर आणणं), फीचर म्हणजे उपयोगी कॉलम निवडणं, स्मोटने कमी असलेल्या गटाच्या बनावट ओळी वाढवणं, हे सगळं प्रत्येक फेरीच्या आत, फक्त ट्रेनवर. स्मोट आधी चालवलंस तर टेस्टमधल्या माणसाच्या आवाजापासून बनलेल्या ओळी ट्रेनमध्ये शिरतात आणि वाटणी पुन्हा फुटते. आणि डोळे मिटून सगळ्यांना 'हो' म्हणणारं मॉडेलही १९५ पैकी १४७ ओळींवर बरोबर येतं, म्हणजे ७५ टक्के तर फुकटच मिळतात. निरोगी आठांपैकी किती जणांना नीट सोडलं, ते वेगळं लिही.

आता आजोबांचं. फाईलमध्ये निरोगी गटाच्या आवाजाची सरासरी पट्टी (सेकंदाला किती कंपनं) १८० हर्ट्झच्या आसपास आहे, रुग्णांची १४५ च्या. इतका फरक गटातल्या बायका-पुरुषांच्या प्रमाणातूनही पडू शकतो. मॉडेल 'खर्ज म्हणजे आजार' एवढंच शिकलं असेल, तर खर्जातल्या आजोबांचं काय होणार? पट्टीचे तिन्ही कॉलम काढून एकदा चालवून बघ.

दुसरं, तुझं रेकॉर्डिंग. मूळ नोंदी ध्वनिरोधक खोलीत, तोंडापासून ८ सेंटिमीटरवर डोक्याला बांधलेल्या माइकने, ४४.१ किलोहर्ट्झवर घेतल्या आहेत. तू ब्लूटूथ हेडसेट लावलास. १२५ हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन ८ मिलिसेकंदांचं. १ टक्का जिटर (आवर्तनाच्या लांबीतली अस्थिरता) म्हणजे त्यातला ०.०८ मिलिसेकंदाचा हेलकावा. हेडसेट ८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८ हजार नमुने घेत, चालला तर दोन नमुन्यांमधलं अंतरच ०.१२५ मिलिसेकंद! इंटरपोलेशनने (नमुन्यांमधली जागा हिशेबाने भरून) थोडं सावरतं, पण मोजायची गोष्ट मोजपट्टीच्या खुणेपेक्षा बारीक आहे. शिवाय फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, मग शिमर (आवाजाच्या जोरातली अस्थिरता) माणसाचा राहत नाही, फोनचा होतो. साधा वायरचा माइक घे, नॉइज सप्रेशन बंद कर, वेव्ह फाईल ठेव. व्हॉट्सअॅपवरून आलेला आवाज नको. सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा सेकंद काप, मधले ३ सेकंद घे. आवाज मोजायच्या प्राट या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीची रेघ डोळ्यांनी बघ. ती मध्येच निम्म्यावर कोसळली असेल तर तो जिटर फेकून दे, तो आजार नाही, सॉफ्टवेअरची चुकलेली मोजणी आहे.

आणि तुझ्या पेपरच्या शीर्षकात निदानाआधीचा 'लवकर' हा शब्द काढ. या २३ जणांचं निदान आधीच झालेलं होतं, काहींचं तर वीसहून अधिक वर्षांपूर्वी. 'लवकर' म्हणायचं तर औषध सुरू न झालेले नवे रुग्ण हवेत, किंवा झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणारे, म्हणजे आरईएम झोपेचा विकार असलेले लोक, आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. प्रागमध्ये यान रुस यांचा गट अशा लोकांच्या बोलण्यावर काम करतो, ते वाच.

आजोबांना काही सांगितलं असशील तर आजच जाऊन 'ते चुकीचं होतं' म्हण. हजार ज्येष्ठांत दहा रुग्ण धर. दहातले नऊ पकडणारी आणि निरोगी शंभरातल्या नव्वदांना नीट सोडणारी चाचणीसुद्धा नऊ खऱ्यांबरोबर ९९ धडधाकट माणसांना घाबरवते. तुझी तर तेवढीही नाही.

मला हटवादी म्हणतात. माणसाप्रमाणे वाटलं की आकडा पडतो, मग पेपर परत येतो, विद्यार्थी रडकुंडीला येतात. तरी मी हटणार नाही. ओळींप्रमाणे वाटून आलेला आकडा माझ्याही नावावर छापलेला आहे आणि तो आता पुसता येत नाही. तुझा अजून छापायचा आहे.

नावातला तिसरा तुकडा वेगळा काढून आज रात्रीच चालव. येईल तो आकडा पाठव, फुकटच्या ७५ च्या खाली आला तरी.