विचारल्याशिवाय पाकीट द्यायचं नाही

प्रिय पोरी,

मालक म्हणतो, ‘गिऱ्हाईक पाकीट मागतंय, पाकीट दे, डॉक्टरकी कशाला करतेस?’ आणि मोबाईलवरचे ‘गोळीने गुठळ्या होतात, कॅन्सर होतो’ सांगणारे ते व्हिडिओ बघून तुलाच गर्भनिरोधक गोळ्या विकायची धास्ती बसलीय. एक म्हणतो काही विचारू नकोस, दुसरा म्हणतो काही देऊच नकोस. मला दोघांचाही राग येतो.

पंचवटीत माझं मेडिकल होतं तेव्हापासून माझा हेका एकच आहे. विचारल्याशिवाय पाकीट द्यायचं नाही.

आधी तुझ्या धास्तीचं बघू. एस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळीने शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, खरं आहे. पण किती? गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते. एस्ट्रोजेनच्या जोडीला गोळीत दुसरं हार्मोन असतं. ते लेव्होनॉर्जेस्ट्रेल असेल तर घेणाऱ्यांत 5 ते 7, ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलवाली असेल तर 9 ते 12. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर याहून जास्त. स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, गोळी सोडल्यावर ओसरत जातो. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा उलट कमी होतो. व्हिडिओवाले यातलं निम्मंच सांगून मोकळे होतात.

आता, हा धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. म्हणून तर विचारायचं! ‘डोकं दुखतं का?’ असं विचारशील तर दहातल्या नऊ जणी हो म्हणतील, काय उपयोग? असं विचार: दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेघा येतात का? अर्धं दिसेनासं होतं का? हो म्हणाली, तर एस्ट्रोजेनची गोळी तिच्यासाठी नाही, पक्षाघाताची भीती असते. पस्तिशी ओलांडलेली आणि विडी-सिगारेट ओढणारी, तिलाही नाही. बीपी मोज. बाळ अंगावर पितं का, केवढं आहे, ते विचार. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर डॉक्टरांकडे पाठव. आणि पाकीट देताना सांग, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली तर घरी पडून राहायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. पहिल्या वर्षात जास्त जपायचं.

गिऱ्हाईकं चिडतात, ठाऊक आहे. एक जण मला म्हणाला होता, ‘मावशी, गोळी मागितली, लग्न जमवायला नाही आलो.’ समोरच्या दुकानात गेला. जाऊ दे! माझा दीर आजही म्हणतो, वहिनीने तोंडाने धंदा घालवला. अरे, त्याच धंद्यावर दोन्ही मुलांची शिक्षणं झाली ना? आणि रागावून गेलेल्यांतल्या कितीतरी जणी पुढे लेकीसुनांना घेऊन माझ्याकडेच आल्या. खंत एकच राहिली, दुकानात आडोसा नव्हता. चार माणसांत बाई खरं कसं सांगणार? तू कोपऱ्यात एक स्टूल तरी मागून घे, मालकाशी भांडून घे.

श्रावणात त्र्यंबकच्या फेरीला आणि नवरात्रात वणीला निघालेल्या बायका पाळी पुढे ढकलायची गोळी मागतील. देवीला चालतं की नाही, यावर मी वाद घालत नाही. पण ती नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. पोटात गेल्यावर तिचा थोडा भाग एस्ट्रोजेन होतो, म्हणून तिथेही तेच प्रश्न. विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही, आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर मुळीच नाही. त्या गोळीने गर्भ राहायचा थांबत नाही, हेही सांग. बऱ्याच जणींचा तसा समज असतो.

संबंधानंतर घ्यायच्या 72 तासांच्या गोळीला मात्र चेहऱ्यावर आठी नको आणि प्रवचन तर नकोच. किती तास झाले एवढं विचार आणि लगेच दे. जितका उशीर तितका गुण कमी. तीच बाई दर महिन्याला यायला लागली, तर तिला त्या स्टुलावर बसव आणि रोजच्या गोळीबद्दल, तांबीबद्दल, तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शनबद्दल सांग. इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी बंदच होते, आणि सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. हे आधी सांगितलं नाही, तर बाई घाबरून दुसऱ्या इंजेक्शनला येतच नाही.

तू पाठवलेली प्रश्नांची यादी बघितली. चांगली केलीस, पण टीबी कुठाय त्यात? रिफाम्पिसिन चालू असलं की गोळीचा असर घटतो. फिटच्या काही औषधांचंही तेच, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन. उद्या शटर उघडायच्या आत तो प्रश्न यादीत घाल.

तुझी,
मेडिकलवाली मावशी