गर्दीतच तापणारी गाडी

प्रश्न : जुन्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा गर्दीत चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरतो. कूलंट पुरेसं आहे. काय तपासू?

उत्तर : पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर. वेगात वारा आपसूक मिळतो, गर्दीत सगळी भिस्त फॅनवर. एकच फॅन असेल तर एसी लावून पाहा. तेव्हा फिरतो, पण एरवी काटा चढूनही फिरत नाही? मग मोटर ठीक. बहुधा तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर गेली. दोन्ही वेळा बंदच असेल तर फ्यूज, रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच) बघा, मग मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. फॅन चांगला असेल तर रेडिएटरच्या जाळीतली धूळ इंजिनाच्या बाजूने पाणी मारून काढा. थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उगाच बदलू नका. तो बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी हायवेवरही तापली असती.