सूर दुपारी का उतरतो?

वाचकांचे प्रश्न : घरगुती इलेक्ट्रॉनिक्स

प्रश्न : मी सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहतो आणि हौसेखातर घरीच मॉड्युलर सिंथेसायझर (सुट्या भागांचे इलेक्ट्रॉनिक वाद्य) बांधत आहे. त्यातला ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारा भाग, ‘एका व्होल्टला एक सप्तक’ या पद्धतीचा असून त्याच्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरमध्ये (नियंत्रण व्होल्टेजचे सप्तकांत रूपांतर करणाऱ्या भागात) दोन सुटे बीसी५४७ ट्रान्झिस्टर आहेत. सकाळी खोलीत २७ अंश तापमान असताना तानपुऱ्याच्या ॲपशी जुळवलेला षड्ज दुपारी ३७ अंशांवर उतरतो, वरच्या सप्तकांत तर फारच. आणि छताचा पंखा लावला की सूर डळमळतो. टीएल०७२ हा ऑप-ॲम्प आयसी बदलूनही फरक पडला नाही. शिवाय शेजारचे यंत्रमाग चालू असले की घरघर ऐकू येते आणि एलएफओचा (संथ लहर देणाऱ्या ऑसिलेटरचा) एलईडी लुकलुकला की स्वर किंचित हलतो. सप्लायसाठी १२ व्होल्टचा एसी ॲडॉप्टर, दोन्ही बाजूंना एकेक डायोड, १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि ७८१२ व ७९१२ हे अधिक-उणे १२ व्होल्टचे रेग्युलेटर वापरले आहेत. दोष कोठे शोधावा?

उत्तर : आपल्या पत्रात एक नव्हे, तीन दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच आपण टीएल०७२ बदलण्याच्या वाटेला गेलात. त्या आयसीच्या ऑफसेटमध्ये (मुळातल्या किंचित व्होल्टेज-चुकीत) तापमानामुळे होणारा बदल दर अंशाला दहावीस मायक्रोव्होल्टच्या आसपास असतो; आपल्याला ऐकू येणारा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा आहे.

प्रथम पंख्याची तक्रार घेऊ, कारण खरा धागा तेथे सापडतो. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यामधील व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढले की कलेक्टरमधील प्रवाह दुप्पट होतो, म्हणजेच स्वर एक सप्तक चढतो. दुसरीकडे, प्रवाह तोच ठेवला तर हेच व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. कन्व्हर्टरमध्ये दोन ट्रान्झिस्टर लावायचे ते एवढ्याचसाठी, की एकाची घट दुसऱ्याने भरून काढावी; पण ते बोर्डावर बोटभर अंतरावर असतील आणि पंख्याचा वारा एकाला अधिक लागत असेल, तर दोघांत अवघ्या एका अंशाची तफावत पडली तरी सूर अर्ध्या स्वराहून अधिक सरकतो. खात्री करायची असेल तर पंखा बंद करून एक स्वर सतत वाजत ठेवावा आणि दोहोंपैकी एकाच ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर बोट टेकवावे. ऑसिलेटरला प्रवाह पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरला ऊब मिळाली तर सूर चढतो आणि जोडीदाराला मिळाली तर उतरतो. (बोट पायांना लागू देऊ नये, नाहीतर ऐकू येईल तो परिणाम उबेचा नसेल.)

यावर उपाय स्वस्त आहे. बीसी५४७ मूठभर आणावेत, मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर बेस-एमिटरचे आकडे टिपावेत आणि एक-दोन मिलिव्होल्टच्या आत जुळणारी जोडी निवडावी. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नये, ब्रेडबोर्डवर खोचून आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. घाईने जुळवलेली जोडी ही जोडीच नव्हे. मग दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना भिडवून मध्ये एपॉक्सीचा पातळ थर द्यावा, वरून हीट-श्रिंक नळी चढवावी आणि ही जोडी ७८१२ च्या हीटसिंकपासून दूर बसवावी.

एवढे केल्यावर पंख्याचा त्रास जाईल, परंतु दुपारचा जाणार नाही. वर दिलेले १८ मिलिव्होल्ट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतात. आपले २७ आणि ३७ अंश म्हणजे ३०० आणि ३१० केल्व्हिन. म्हणजे दुपारी प्रत्येक सप्तक सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आखूड होते. ज्या स्वरावर दोन्ही ट्रान्झिस्टरांतील प्रवाह समान असतो तेथे हा परिणाम शून्य असतो, आणि तेथून तीन सप्तके वर गेल्यावर तो अर्ध्या स्वराहून थोडा जास्त भरतो. वरचे स्वर अधिक उतरतात ते यामुळे. कामाचा एक निकष हाताशी ठेवावा : सगळे षड्ज सारखेच सरकले असतील तर दोष जोडीत किंवा संदर्भ-प्रवाहात (जोडीदार ट्रान्झिस्टरमधील ठरावीक प्रवाहात) असतो, आणि षड्जांमधले अंतरच बदलले असेल तर दोष १८ मिलिव्होल्टच्या या बदलत्या प्रमाणात असतो.

त्याची भरपाई करण्यासाठी बेसकडे जाणाऱ्या व्होल्टेज डिव्हायडरमधील खालच्या रेझिस्टरऐवजी, दर अंशाला दशलक्षात ३३०० भागांनी, म्हणजे ०.३३ टक्क्याने, वाढणारा रेझिस्टर लावतात आणि तो जोडीला चिकटवून ठेवतात. लांब बसवलेला असा रेझिस्टर नुसता शोभेचा. तो मिळाला नाही तर तांब्याची तार चालते, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो : ८४० ओहम भरेल एवढी तार आणि तिच्या जोडीला १६० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर एकसर जोडला की १ किलोओहमचा हवा तसा घटक तयार होतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील तार मात्र यासाठी फार जाड पडते. जुन्या रिलेच्या कॉइलमधील बारीक तार उकलून घ्यावी.

इतके करूनही केवळ अगदी वरच्या सप्तकात स्वर कमी पडत असेल, तर तो ऑसिलेटरच्या करवती लहरीला प्रत्येक फेरीअखेर शून्यावर परतायला (रिसेटला) लागणाऱ्या वेळेचा परिणाम आहे. त्यासाठी स्केलचा, म्हणजे सप्तकाचे अंतर जुळवणारा, ट्रिमर फिरवत बसू नये, कारण मग खालची सप्तके बिघडतात.

घरघर सप्लायची आहे. १२ व्होल्ट एसीचे शिखर सुमारे १७ व्होल्ट; बाहेरचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले आणि डायोडचा वाटा वजा केला की १४.६ उरतात. आपल्यासारख्या एकेका डायोडच्या अर्ध-तरंग रेक्टिफायरमध्ये कपॅसिटरला २० मिलिसेकंद एकट्याने तग धरावा लागतो, आणि १०० मिलिॲम्पिअर भाराला १००० मायक्रोफॅरड त्या अवधीत जवळपास २ व्होल्ट गमावतो. ७८१२ ला आत १४ च्या आसपास लागतात आणि त्याला मिळतात साडेबारा. मग दर सेकंदाला ५० वेळा तो हात टेकतो. आपला भार याहून कमी असेल तर गणित तेवढे सौम्य होते, पण दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड लावावेत हे बरे.

एलईडीचा दोष ग्राउंडच्या तारेत आहे. १० मिलिॲम्पिअर अर्ध्या ओहमच्या तारेतून गेले की ५ मिलिव्होल्ट पडतात, आणि ते नियंत्रण व्होल्टेजमध्ये मिसळले तर सूर सहा सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो, जे दुसऱ्या ऑसिलेटरबरोबर सहज ऐकू येते. एलएफओची आणि ऑसिलेटरची ग्राउंड तार सप्लायपर्यंत वेगवेगळी न्यावी.

प्रश्न : नवा मॉड्यूल लावताच आयसीला चटका बसण्याइतका ताप चढला. भाग जळाले असतील का? (सोलापूर)

उत्तर : बहुधा दहा पिनांची रिबन केबल उलटी बसली. युरोरॅक या मॉड्युलर सिंथेसायझरच्या प्रचलित पद्धतीत केबलवरची लाल रेघ उणे १२ व्होल्टच्या बाजूला असते; केबल उलटली की अधिक आणि उणे यांची अदलाबदल होते, मधल्या सहा पिना मात्र ग्राउंडच राहतात. सप्लाय ताबडतोब काढून ऑप-ॲम्प बदलून पाहावेत, कारण रेझिस्टर बहुतेक वेळा वाचतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर फुगले असतील तर तेही काढावेत. पुढच्या बोर्डावर खाचेचा कनेक्टर आणि प्रत्येक रेलमध्ये (सप्लायच्या अधिक आणि उणे तारेत) १एन५८१७ डायोड घालावा. त्याने थोडे व्होल्टेज कमी होईल, पण आयसी वाचेल.