समीक्षकांनी झोडपलेला 'द साऊंड ऑफ म्युझिक' लोकांना आजही का आवडतो? समीक्षक चुकले होते का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की पॉलिन केल या अमेरिकन समीक्षिकेने या चित्रपटाला 'साखरेत घोळलेलं खोटं' म्हटलं आणि त्यापायी तिची नोकरी गेली. शेवटी घरच्या मुलांना तो दाखवावा का, हेही विचारलंय. (चित्रपट न पाहिलेल्यांसाठी: ऑस्ट्रियात मठातून आलेली मारिया (ज्युली अँड्र्यूज) विधुर कॅप्टन फॉन ट्रॅपच्या (ख्रिस्तोफर प्लमर) सात मुलांची दाई होते, त्यांना गायला शिकवते, कॅप्टनशी लग्न करते, आणि शेवटी नाझींपासून सगळे डोंगर ओलांडून पळतात.) नोकरीचं आधी निस्तरतो. ही अर्धवट गोष्ट सगळीकडे फिरते आणि दोन्ही बाजूंचे लोक ती आपापल्या सोयीने वापरतात.

केल तेव्हा 'मॅकॉल्स' या प्रचंड खपाच्या महिला मासिकात लिहीत होती. चित्रपट मार्च 1965 मध्ये आला आणि तिचं परीक्षण 1966 मध्ये, 'द सिंगिंग नन' नावाच्या दुसऱ्या एका गाणाऱ्या जोगिणीच्या चित्रपटासोबत. साखरेचं ते वाक्य त्यातलंच. पण मासिकाचे संपादक रॉबर्ट स्टाइन यांनी पुढे स्पष्ट सांगितलं होतं की तिला या एका परीक्षणासाठी काढलं नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'डॉक्टर झिवागो', 'द पॉनब्रोकर', 'अ हार्ड डेज नाइट' असे चालणारे चित्रपट ती ओळीने झोडपत गेली म्हणून काही महिन्यांनी काढलं. तेव्हा 'खरं बोलली म्हणून बळी गेली' ही आरती आता बंद करायला हरकत नाही. नोकरी गेल्याने तिचं नुकसान झालं असंही नाही. 1968 पासून ती 'न्यूयॉर्कर'मध्ये होती आणि पुढची दोन दशकं तिथे तिचाच दरारा होता.

सगळ्यांनी मिळून झोडपलं, हेही खरं नाही. 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या पत्राने कौतुक केलं होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉझली क्राउदरला ज्युली अँड्र्यूज आवडली, बाकीची मोठी माणसं भयंकर वाटली, त्यातही ख्रिस्तोफर प्लमर. 'हेरल्ड ट्रिब्यून'च्या ज्युडिथ क्रिस्टने मधुमेह्यांनी आणि आठ ते ऐंशी वयाच्या सर्व प्रौढांनी जपून राहावं, असा इशारा दिला. त्याच वर्तमानपत्राच्या वॉल्टर कर या समीक्षकाने 1959 मध्ये, चित्रपट ज्यावरून काढला त्या ब्रॉडवेच्या संगीत नाटकाबद्दलही जवळपास हेच म्हटलं होतं. म्हणजे साखरेची तक्रार चित्रपटाहून सहा वर्षांनी जुनी आहे. प्लमर स्वतःही या चित्रपटाला अनेक वर्षं 'साऊंड ऑफ म्यूकस' (म्यूकस म्हणजे शेंबूड) म्हणून हिणवत होता.

आता मुद्द्यावर येतो. हा वाद माझ्या डोक्यात फार जुना आहे, त्यामुळे लांबण लागेल. माझं मत असं: समीक्षक कथेबद्दल बरोबर होते आणि संगीताबद्दल बहिरे होते. त्यांची री ओढत 'भावुक म्हणजे कमअस्सल' असं ऐटीत सांगणारे आपल्याकडचे फिल्म सोसायटीवाले त्याहून बहिरे. त्यातल्या किती जणांनी गाण्याची एक ओळ तरी पेटीवर वाजवून पाहिली असेल?

'डो-रे-मी' घ्या. सगळे याला बालगीत समजतात. पहिल्या चार ओळी खरंच सरळ आहेत, शुद्ध बिलावल, म्हणजे सगळे स्वर शुद्ध. 'सा रे ग सा ग सा ग' इथून सुरू होऊन प्रत्येक ओळ एकेक स्वर वर सरकते. पाचवी ओळ, 'सो'ची, अशी: प सा रे ग म प ध. सुरुवातीच्या पंचमावरून खाली सा वर उडी आणि मग पायऱ्या चढत वर. सहावी ओळ, 'ला'ची: ध रे ग तीव्र म, प ध नी. सातवी, 'टी'ची: नी ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, नी, सां.

म्हणजे मुलांना सात शुद्ध स्वर शिकवतो म्हणणाऱ्या गाण्यात संगीतकार रिचर्ड रॉजर्सने गुपचूप तीव्र मध्यम घातलाय, आणि सातव्या ओळीत कोमल धैवताला शुद्ध धैवत लागून ठेवलाय. आपल्याकडे सरगम शिकलेली मुलं नेमकी इथेच आपटतात. सहाव्या ओळीत सवयीने शुद्ध मध्यम लावतात, सातवीत कोमल ध गाळून सरळ शुद्धावर जातात, आणि शेवटचा वरचा सा बेसूर लागतो. शिक्षकाला वाटतं मुलांचा आवाज पोचत नाही. आवाज पोचतो, वाट चुकलेली असते.

उपाय सोपा आहे आणि तो गाण्याच्या रचनेतच आहे. सहावी ओळ म्हणजे पाचवीच, सा एका स्वराने वर सरकवून गायलेली. सातवी म्हणजे तीच पुन्हा आणखी एका स्वराने वर. पेटीवर पांढरी एकला सा धरून 'प सा रे ग म प ध' पाठ करून घ्या. मग तीच सरगम पांढरी दोनमधून, मग पांढरी तीनमधून. पांढरी तीनमधून गाताना फक्त शेवटचा धैवत कोमल करायचा, तो बरोबर मूळ वरच्या सा वर येऊन बसतो. तीनही वेळा शब्द नकोत, नुसता आकार. हे घट्ट झाल्यावर शब्द घातले की एकही मूल अडखळत नाही. आपल्या भाषेत हे षड्जचालन, म्हणजे सा ची जागा हलवणं. आठ ओळींच्या 'गोडगोड' बालगीतात ते दोनदा करून ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देणं हे कारागिरीचं काम आहे. साखरेचं म्हणाल तर शंकरपाळ्यातही साखर असते, पण मोहन चुकलं तर ते खाववत नाही.

त्याच गाण्यात पुढे मारिया नुसत्या स्वरनामांची एक चाल देते: प सा ध म ग सा रे, प सा ध नी सा रे सा. आधी स्वरांची नावं, मग त्यांची उलटीपालटी, मग तिच्यावर शब्द. हा क्रम कोणताही शहाणा गायनशिक्षक वापरतो. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने तो साल्झबर्गभर फिरवून मिराबेल बागेच्या पायऱ्यांवर आणून संपवला. एका गाण्यात कपडे बदलतात, जागा बदलतात, दिवस जातात, आणि मुलं गायला शिकतात यावर आपला विश्वास बसतो तो या जोडकामामुळे. संकलनाचं ऑस्कर विल्यम रेनॉल्ड्सला उगाच नाही मिळालं. एकूण 10 नामांकनं, 5 ऑस्कर, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शकही.

दुसरं उदाहरण 'माय फेवरिट थिंग्ज'. शब्द म्हणाल तर मांजरीच्या मिशा आणि तांब्याच्या किटल्या, समीक्षकाला झोडपायला आयतं सापडलेलं. पण पहिली ओळ पेटीवर काढा: फक्त सा, प आणि रे, त्यातला एक प मंद्रातला, खालच्या सप्तकातला. गंधारच नाही, आणि चाल उदास (कोमल ग) की प्रसन्न (शुद्ध ग) हे सांगतो तो गंधार. त्यामुळे ते चाल स्वतः ठरवत नाही, खालची स्वरसंगत ठरवते. ही फट जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने बरोबर हेरली. ऑक्टोबर 1960 मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या कितीतरी आधी, त्याने हे गाणं सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतलं आणि कोमल व शुद्ध गंधाराच्या दोन बैठकांवर तेरा मिनिटांहून जास्त आळवलं. आज जॅझमधलं ते एक मापदंड मानलं जाणारं ध्वनिमुद्रण आहे. नुसत्या साखरेच्या पुडीतून कोल्ट्रेनलाही इतकं काढता आलं नसतं.

मग कथेबद्दल समीक्षक बरोबर का? केलचं साखरेचं वाक्य सगळे फेकतात, पण तिचा खरा वार वेगळा आहे आणि तो कुणी सांगत नाही. तिने विचारलं होतं की या सात फॉन ट्रॅप मुलांत गायचंच नाही असं म्हणणारं, बाबांच्या पाहुण्यांसमोर नाचकाम करणार नाही म्हणून किंचाळणारं, स्टेजच्या धास्तीने ओकणारं एकही मूल नव्हतं का? हा प्रश्न अचूक आहे आणि चित्रपटाकडे त्याला उत्तर नाही. ज्याने कधी सात मुलांचं समूहगान बसवलंय त्याला विचारा. एकाचा आवाज फुटत असतो, एकीला पुढच्याच रांगेत उभं राहायचं असतं, आणि एक जण फक्त ओठ हलवत असतो. इथे मात्र ज्या घरात गाणं बंद होतं तिथली मुलं थोड्याच दिवसांत कॅप्टनच्या मैत्रिणीसमोर एकाच वेळी वेगवेगळे स्वर विभागून गातात, आणि बाप विरघळतो. ते दृश्य मलाही आवडतं. पण ते खोटं आहे.

कथा मुळातही वळवलेली आहे. खरी मारिया 1926 मध्ये सात मुलांची दाई म्हणून आली नव्हती, तापातून उठलेल्या एका मुलीची शिक्षिका म्हणून आली. 1927 मध्ये लग्न झालं, घर सोडलं 1938 मध्ये. मधली अकरा वर्षं चित्रपटाने काही आठवड्यांत उरकली. खरा कॅप्टन कोरडा माणूस नव्हता, तो स्वतः मुलांबरोबर वाजवायचा. त्याच्या मुलांना पडद्यावरचा बाप खटकला होता. आणि हे कुटुंब डोंगर ओलांडून नव्हे, आगगाडीत बसून इटलीला गेलं. साल्झबर्गजवळचा तो डोंगर चढून पलीकडे उतरलात तर थेट जर्मनीत पोचाल, हिटलरच्या बेर्शटेसगाडेनशेजारी. साल्झबर्गच्या लोकांना हे सगळं ठाऊक. शिवाय 1956 मध्ये याच कुटुंबावर जर्मन चित्रपट येऊन गाजून गेलेला. त्यामुळे जर्मन भाषक मुलखात हा हॉलिवुडी अवतार पडला, यात नवल ते काय.

पण साखर सगळ्यात जास्त कुठे वाढली हे समीक्षकांनीही नीट पकडलं नाही. नाटकात मॅक्स (कॅप्टनचा मित्र) आणि एल्साला (कॅप्टनची ती श्रीमंत मैत्रीण) दोन तिरकस गाणी होती. 'हाऊ कॅन लव्ह सर्व्हाइव्ह'मध्ये पैसेवाल्यांच्या प्रेमाची टर उडवलेली, आणि 'नो वे टू स्टॉप इट'मध्ये नाझी यायचेच आहेत तर मान खाली घालून जगा, असा सल्ला. कॅप्टन आणि एल्साचं बिनसतं ते या दुसऱ्या गाण्यातल्या राजकारणावरून. चित्रपटाने दोन्ही उडवली. गीतकार हॅमरस्टाइन 1960 मध्येच वारला होता, म्हणून रॉजर्सने एकट्याने, शब्दांसह, दोन नवी गाणी दिली: 'आय हॅव कॉन्फिडन्स' आणि 'समथिंग गुड'. एक आत्मविश्वासाचं, एक प्रेमाचं. तिखट गेलं, गोड आलं, आणि एल्सा नुसती सवत उरली. दोष द्यायचा तर या अदलाबदलीला द्या.

वाइजला साखरेची भीती नव्हती असंही नाही. 'क्लाइम्ब एव्हरी माउंटन'मध्ये मठाच्या प्रमुख बाईंचा चेहरा बराचसा अंधारात आहे, ते मुद्दाम. गाणं आधीच जड, त्यात समोरून भरल्या डोळ्यांचा क्लोजअप घेतला असता तर कठीण होतं. (तो आवाजही पेगी वुडचा नाही, मार्जरी मॅके यांचा आहे. प्लमरच्या गाण्याला आवाज बिल लीचा. यावरून नाक मुरडू नका, आपल्याकडे पार्श्वगायनावरच सगळा कारभार चालतो.)

केलची खरी भीती अशी होती की हे यश पाहून स्टुडिओ धाडसाचं काही करणारच नाहीत. 'गॉन विथ द विंड'चा कमाईचा विक्रम 1966 मध्ये मोडल्यावर फॉक्स या स्टुडिओने तोच कित्ता गिरवला: 'डॉक्टर डूलिटल', 'स्टार!', 'हॅलो, डॉली!'. 'स्टार!'ला तर तोच दिग्दर्शक आणि तीच नायिका. तिन्हींत पैसे बुडाले. साखर तेवढीच होती की. साखरेमुळेच चालला असता तर हेही चालायला हवे होते.

आता थोडी सारवासारव. चित्रपट 174 मिनिटांचा आहे आणि उत्तरार्ध रेंगाळतो, यात वाद नाही. केल लिहायची झकास, तिच्याशी न पटताही वाचावी अशी. 'परिचय' (1972) पाहिला असेल तर 'सारे के सारे' ऐकताना तुम्हाला 'डो-रे-मी'ची आठवण झालीच असेल. तोही डोळे ओले करतो आणि त्याला कुणी साखरेचा पुडा म्हणत नाही, हा आपला दुटप्पीपणा.

मुलांना दाखवायचं म्हणाल तर दाखवा, पण एका बैठकीत नको. मारिया चिठ्ठी ठेवून बंगला सोडते तिथे मूळ मध्यंतर आहे, तिथे बंद करा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी. सहा-सात वर्षांच्या मुलांना नाझींचा भाग आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा, नाहीतर कबरींमागे लपतात ते दृश्य नुसतं लपाछपी वाटतं. आणि घरातलं एखादं पोर 'मी नाही गाणार' म्हणालं तर त्याला पेटीचा भाता मारायला बसवा, गायचा आग्रह करू नका.