घाटावरच्या शाळेनं सुनामीची तयारी कशाला करायची?

प्रश्न असा आहे: चिकोडी तालुक्यातल्या एका मराठी शाळेची सहल दिवाळीनंतर मालवण-तारकर्लीला जाणार आहे. एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास समितीच्या) बैठकीत कुणीतरी सुनामीचा विषय काढला, तेव्हा बाकीचे म्हणाले की ते कोकणातल्या लोकांनी बघावं, आपल्याला काय त्याचं. तर शाळेनं मुलांना काही शिकवावं का, आणि काय?

शिकवावं. २००४ च्या सुनामीत स्वीडनची ५४३ माणसं गेली. हिंदी महासागरापासून हजारो किलोमीटर लांबचा देश, पण नाताळच्या सुट्टीत त्यांची माणसं थायलंडच्या किनाऱ्यावर होती. त्या दिवशी जो वाळूवर उभा, तो समुद्रकाठचा. उलट पाहुण्याला धोका जास्त असतो. तारकर्लीशेजारच्या देवबागच्या पोराला कुठली वाट कुठं निघते ते माहीत असतं, आपल्या पोरांना लॉज आणि किनारा एवढंच माहीत असतं.

शिवाय सीमाभागातल्या लोकांना वाटतं की पाण्याचं आपल्याला कळतं. वेदगंगा-दूधगंगा फुगल्या, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, की मांजरी गावच्या पुलावर माणसं पूर बघायला जातात. काठावर खूण करून पाणी किती चढलं ते मोजतात. नदीच्या पुरात ते थोडंफार चालतं, कारण धरणाचा विसर्ग आधी कळतो आणि पाणी तासातासानं चढतं. सुनामीचं पाणी कधी आधी मागं हटतं, तळातली वाळू, मासे, खडक उघडे पडतात, आणि माणसं ते बघायला आत चालत जातात. २००४ मध्ये कितीतरी जण असेच गेले. दहा मीटर खोल पाण्यातसुद्धा लाटेचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. लाट दिसल्यावर पळून उपयोग नाही. म्हणून मुलांना पहिली गोष्ट ही शिकवा: समुद्र विचित्र वागला तर बघत थांबायचं नाही, पाठ फिरवायची आणि चढायचं.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. मी भूगोल शिकवते आणि या विषयावर मुख्याध्यापकांकडून एकच उत्तर ऐकत आले आहे: ‘वरून सूचना आली की बघू.’ हे उत्तर किती महाग पडतं ते जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेनं दाखवलंय. ११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. शाळा समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठाला. शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानात आणलं, हजेरी घेतली. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढं जायचं कुठं, यावर मात्र बोलणं सुरू झालं ते संपेना. शाळेच्या मागेच डोंगर होता. काही मुलं वर जाऊ म्हणत होती, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. पण झाडं पडतील, घसरगुंडी होईल, पोरांना लागेल, जबाबदारी कुणाची, अशा शंकांत जवळजवळ पन्नास मिनिटं गेली. शेवटी निघाले ते पुलाजवळच्या जरा उंच जागेकडं, म्हणजे नदीच्याच दिशेनं. लाट नदीतून वर आली. १०८ पैकी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

शाळेकडं आपत्तीचा आराखडा नव्हता असं नाही, होता. त्यात सुनामी आली तर जायची जागा ‘जवळची मोकळी जागा किंवा बाग’ अशी मोघम लिहिली होती, आणि तशी कामाची जागा जवळ नव्हतीच. पालकांनी खटला भरला. २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयानं आधीची तयारीच अपुरी होती असा ठपका शाळा आणि शिक्षण मंडळावर ठेवला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. म्हणजे त्या दिवशी घाबरून काय चुकलं एवढ्यावर भागलं नाही, आधीच्या वर्षांत कागदावर काय लिहिलं तेही तपासलं गेलं. आपल्या शाळांतल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या फायली उघडून बघा. ‘विद्यार्थ्यांना सुरक्षित स्थळी हलवावे’ असं लिहिलेलं असतं. ते स्थळ कुठलं, ते लिहिलेलं नसतं.

त्याच दिवशी जपानमधल्याच कामाइशी शहरात शाळेत असलेली जवळजवळ तीन हजार मुलं वाचली. तिथल्या मुलांना आधीची काही वर्षं शिकवलं होतं की नकाशावरच्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, जमेल तेवढं करा, आणि दुसऱ्याची वाट न बघता आधी तुम्ही पळा. मोठी मुलं पळाली, ती बघून धाकट्या शाळेतली पळाली. पहिल्या ठरलेल्या जागी पोहोचल्यावर ती जागा पुरेशी वाटली नाही, म्हणून आणखी वर गेली. आधीची जागा पाण्याखाली गेली.

मालवणला जाणाऱ्यांनी नेमकं काय करायचं? कोकणाला धोका दोन बाजूंनी आहे, मकरानकडून (पाकिस्तान-इराणचा किनारा) आणि सुमात्रा-अंदमानकडून. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि लाट मुंबईला सकाळी सव्वाआठच्या सुमारास पोहोचली. उंची साधारण दोन मीटर. वर्सोव्याला मासेमारी करणारी माणसं वाहून गेली, जुहू-दांड्याला होड्यांचे दोर तुटले. यातून दोन गोष्टी कळतात. मालवणला तुमच्या पायाखाली काही हलणार नाही अशी शक्यता जास्त, त्यामुळं ‘जमीन हलली की पळा’ एवढंच शिकवून भागत नाही. आणि दुसरं, हातात काही तास असतात, म्हणजे इशारा तुमच्यापर्यंत पोहोचला तर सगळे वाचू शकतात.

हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या समुद्रविषयक संस्थेतलं सुनामी केंद्र २००७ पासून चालू आहे, मोठ्या भूकंपानंतर दहाएक मिनिटांत पहिलं पत्रक काढतं. ते पत्रक मंत्रालयातून जिल्हाधिकारी, तहसीलदार, ग्रामपंचायत असं खाली येतं, आणि शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे लॉजवाल्यापर्यंत, अडकायचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून बुकिंग करताना लॉजवाल्याला स्पष्ट विचारा: इशारा आला तर तुम्हाला कोण फोन करतं, आणि तुम्ही पाहुण्यांना कुठं नेता? उत्तर नसेल तर दुसरा लॉज बघा. दोन शिक्षकांच्या फोनवर सरकारचं आपत्तीचे इशारे देणारं सचेत ॲप घाला, रात्री त्यातला एक फोन आवाज चालू ठेवून उशाशी राहू दे. सिंधुदुर्गच्या जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तिथं नेटवर्क असताना एकदा लावून बघा.

जागा निवडताना तारकर्ली-देवबागचा आकार नकाशावर बघा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पाणी दोन्ही बाजूंनी येऊ शकतं आणि बाहेर पडायला रस्ता एकच. चाळीस पोरं घेऊन रात्री तिथं उतरू नका असंच मी म्हणेन. दिवसा फिरायला जा, मुक्काम मालवण गावात चढावर करा. तिथंच राहायचं ठरलं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारी, सिमेंट-सळईची पक्की इमारत कुठली ते आधी हेरून ठेवा. नेम असा: समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंच, किंवा ३ किलोमीटर आत, आणि दोन्ही जमत नसेल तर पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खाडीकाठानं आत जायचं नाही, पुलावर थांबायचं नाही. ओकावाची मुलं नदीच्याच पाण्यात गेली.

बस लावताना तोंड रस्त्याकडं ठेवायला सांगा आणि ड्रायव्हर कुठं झोपतो ते माहीत असू दे. तास हातात असतील तर बस वापरा. पाणी मागं हटताना दिसलं किंवा जमीन वीस सेकंदांहून जास्त हलली तर बस शोधत बसू नका, पायीच निघा. एक शिक्षक पुढं, एक शेवटी, हजेरी वर पोहोचल्यावर. बॅगा, चपला, कपडे, काही घ्यायला परत नाही.

पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही. दोन लाटांत दहा मिनिटांपासून तासाभराचंही अंतर असतं, आणि हे कित्येक तास चालतं. पाणी उतरलं म्हणून खाली यायचं नाही, प्रशासन सांगेल तेव्हाच.

सराव सहलीच्या आधी इथंच करा. यळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ किंवा तुमच्या गावाजवळची कुठलीही टेकडी चालेल. पोरांना घेऊन ३० मीटर उंची चढायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाचा वेळ तोच वर्गाचा वेळ. तो वेळ लॉज ते उंच जागा या अंतराशी ताडून बघा. ५ नोव्हेंबरला जागतिक सुनामी जागृती दिन असतो, त्या दिवशी चित्रकला स्पर्धा घेऊन फोटो पाठवण्यापेक्षा हा चढ चढा.

आणि गावात मागं राहिलेल्या पालकांनाही काम आहे. संकटात किनाऱ्यावरचं नेटवर्क आधी बसतं. चाळीस पालकांनी एका शिक्षकाला फोन लावला तर त्याला हजेरीही घेता येणार नाही. गावातला एकच नंबर ठरवा, शिक्षक तिथं एसएमएस करतील, बाकीच्यांनी तिथं चौकशी करायची.

एक सांगायचं राहिलं. कोकणच्या सहलीत मुलं जातात ती सुनामीनं नाही, पोहताना ओढीनं आत खेचली जाऊन. त्यामुळं गुडघ्याच्या वर पाण्यात कुणी जायचं नाही, हा नियम वरच्या सगळ्याच्या आधीचा. कोयनेकडचा धक्का बसला तर काय, असं मुलं विचारतील. ते भूकंप जमिनीवरचे असतात, त्यानं सुनामी येत नाही. पण किनाऱ्यावर असताना धक्का लांबला तर कुठला ते ठरवत बसू नका, आधी चढा.

बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला सहलीच्या परवानगीचा अर्ज द्याल तेव्हा एक पान जास्त जोडा: मुक्कामाची जागा, चढायची जागा, तिथला रस्ता, सरावात लागलेली मिनिटं, गावातला नंबर. मुख्याध्यापक वरून सूचना नाही म्हणाले तर त्या पानावर त्यांची सही मागा.